देलाक्रुआची ‘फाउस्ट’ची शिळाचित्रे (१८२८) : यांतले मध्ययुग आले कुठून?

रेघोट्या

युजेन देलाक्रुआ या फ्रेंच चित्रकाराने जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’साठी, म्हणजे सैतानाशी करार करणाऱ्या विद्वानाच्या नाटकासाठी, काढलेली सतरा शिळाचित्रे (दगडावर काढून छापलेली चित्रे), गटेच्या एका व्यक्तिचित्रासह, १८२८ साली पॅरिसमध्ये शार्ल मोत याने प्रसिद्ध केली. सोबत आल्बेर स्टापफेर याने केलेला नाटकाचा फ्रेंच अनुवाद होता. या मालिकेतल्या पहिल्याच चित्राविषयी एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे, तो इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

चित्र असे आहे : रात्र उतरू लागली आहे, क्षितिजाजवळ फिकट उजेड तेवढा उरला आहे, खाली एक जुने शहर अंधारात बुडाले आहे आणि त्या अंधारातून चर्चचे टोकदार मनोरे वर आले आहेत. या शहरावरून मेफिस्टोफेलीस, म्हणजे नाटकातला सैतान, उडत चालला आहे. अंगावर वस्त्र नाही, पंख पसरलेले आहेत, बोटांची नखे वाढलेली आहेत. चित्राखाली जी ओळ दिली आहे ती नाटकाच्या आरंभी स्वर्गात घडणाऱ्या प्रवेशातली आहे. म्हाताऱ्या देवाला अधूनमधून भेटायला आपल्याला आवडते, असे मेफिस्टोफेलीस तिथे म्हणतो. आता गंमत अशी की त्या प्रवेशात देव आहे, देवदूत आहेत, सैतान आहे, पण शहर कुठेही नाही. मनोरे, घरांची छपरे, अंधारलेल्या गल्ल्या, हा सगळा मजकूर चित्रकाराने आपल्या पदरचा घातलेला आहे.

माझे मत असे की हे मध्ययुग इतिहासातले नाहीच. १८२० नंतरच्या पॅरिसला जसे मध्ययुग हवे होते तसे ते आहे, आणि त्याचा इतिहासाशी संबंध नाटकाच्या पडद्याचा खऱ्या राजवाड्याशी असतो तेवढाच आहे. हे पटते का, आणि पटत नसेल तर का, ते सविस्तर लिहावे.

दुर्गयात्री

मला चित्रातले फारसे कळत नाही, पण एक साधी शंका आहे. हे शहर नेमके कोणते? मनोरे ओळखता येतात का?

मालविका_बर्लिन

रेघोट्या, तुमच्या प्रश्नातच एक अडचण आहे, ती आधी नोंदवते. फाउस्टची कथा मध्ययुगातली नाही. ज्या माणसावरून ही दंतकथा निघाली तो योहान फाउस्ट साधारण १४८० ते १५४० या काळात होऊन गेला, त्याच्यावरचे पहिले लोकप्रिय पुस्तक फ्रांकफुर्टला १५८७ साली छापले गेले, आणि खुद्द गटेच्या नाटकात आउअरबाखच्या तळघरातल्या मद्यालयातले विद्यार्थी उंदराचे जे गाणे म्हणतात त्यात धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या ढेरीचा उल्लेख येतो. लूथर ज्यांच्या थट्टेचा विषय झालेला आहे ती माणसे मध्ययुगातली कशी म्हणायची? हा काळ छापखान्याचा आणि धर्मसुधारणेचा आहे. त्यामुळे देलाक्रुआने मध्ययुग खरे काढले की खोटे, हा वाद घालण्याआधी ते तिथे मुळात असायला हवे होते का, हे ठरवावे लागेल.

रेघोट्या

मालविकाताई, आक्षेप रास्त आहे, तरीही तो पूर्ण मान्य करता येत नाही. फाउस्ट पहिल्यांदा रंगमंचावर दिसतो त्या प्रवेशाची रंगसूचना पाहा. उंच कमानींची, अरुंद, गॉथिक (म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीची) खोली, असे गटेने स्वतः लिहिले आहे. म्हणजे गटेलाही सनावळीपेक्षा त्या दगडी कमानींखालचा कोंदटपणा महत्त्वाचा वाटत होता. तरुणपणी स्ट्रासबुर्गचे कॅथेड्रल पाहून त्याने गॉथिक वास्तुकलेची बाजू घेणारा निबंध लिहिला होता, आणि ‘फाउस्ट’चे पहिले खर्डे त्यानंतरच्या काही वर्षांतलेच आहेत.

वकीली_चष्मा

या काळाच्या वादात आणखी एक थर आहे. नाटकातल्या मार्गारेटची कहाणी, म्हणजे फाउस्टकडून फसवली गेलेली मुलगी, तिच्या हातून झालेली बालहत्या, तुरुंग आणि देहदंड, ही पंधराव्या शतकातली नाही आणि सोळाव्यातलीही नाही. फ्रांकफुर्टमध्ये सुझाना मार्गारेटा ब्रांट नावाच्या खाणावळीतल्या मोलकरणीवर नवजात मुलाच्या हत्येचा खटला चालला आणि जानेवारी १७७२ मध्ये तिचा तलवारीने शिरच्छेद झाला. त्या वेळी गटे त्याच शहरात नुकताच वकिली करू लागला होता आणि या खटल्याची त्याला चांगली माहिती होती. म्हणजे सोळाव्या शतकातला जादूगार, अठराव्या शतकातला खटला आणि गॉथिक खोली असे हे मिश्रण देलाक्रुआच्या हाती येण्याआधीच तयार झालेले होते. एकट्या चित्रकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला न्याय्य वाटत नाही.

खडूशाई

मी शिळामुद्रण शिकलो आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे दगडाच्या बाजूने पाहतो. इतिहास आणि नाटक यांच्या चर्चेत दगडाकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते अर्धे उत्तर तिथेच आहे.

अलॉइस झेनेफेल्डर याने हे तंत्र अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस बव्हेरियात शोधून काढले. त्यासाठी लागणारा बारीक पोताचा चुनखडक तिथल्याच झोल्नहोफेनच्या खाणींतला. दगड घासून त्यावर हवा तसा रवाळ पोत आणायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, मग डिंकाच्या पाण्यात किंचित नायट्रिक आम्ल घालून ते दगडावर फिरवायचे. खडू जिथे लागला आहे तो भाग तेल धरतो आणि उरलेला भाग पाणी धरतो. ओल्या दगडावरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला लागते. ताम्रपटावर कोरायला हात वर्षानुवर्षे तयार करावा लागतो. दगडावर मात्र ज्याला कागदावर चित्र काढता येते त्याला काढता येते. म्हणूनच १८१६ च्या सुमारास पॅरिसमध्ये शिळाछापखाने निघाले आणि चित्रकार तिकडे धावले. देलाक्रुआने आधी वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे याच पद्धतीने केली होती.

आता मुख्य मुद्दा. कागदावर आपण पांढऱ्यापासून सुरुवात करतो आणि काळ्याकडे जातो. देलाक्रुआने १८२५ साली मॅकबेथ आणि तीन चेटकिणी यांचे एक स्वतंत्र शिळाचित्र केले, त्यात त्याने बरोबर उलटा रस्ता धरला. जवळपास सगळा दगड काळा केला आणि मग टोकदार हत्याराने खरवडून त्यातून उजेड बाहेर काढला. कढईखालचा जाळ, वर चढणारा धूर, चेहऱ्यांच्या कडा, हे सगळे खरवडलेल्या रेघांनी बनले आहे. यात एक धोका असतो. खरवडले की दगडाचा पोत जातो आणि त्या जागी खडू पुन्हा नीट बसत नाही, म्हणजे उजेड एकदा दिला की परत घेता येत नाही. ‘फाउस्ट’च्या चित्रांत खडू आणि खरवड या दोन्हींचा वापर आहे, आणि तो बेधडक हात मॅकबेथच्या दगडावर तयार झालेला आहे.

ज्याला आपण इथे मध्ययुगीन वातावरण म्हणतो आहोत, त्यातला मोठा भाग हा असा काळ्यापासून सुरू होणाऱ्या दगडाचा गुण आहे. याच चित्रांतले मनोरे नुसत्या बाह्यरेषेत काढून पाहा, ते कुठल्याही सहलीच्या माहितीपत्रकात खपून जातील.

टपरीवरचा_चहा

शाईचा खर्च प्रकाशकाने सोसला की चित्रकाराने, याचा काही पुरावा सापडतो का? चित्रे पाहता प्रश्न गंभीर आहे.

खडूशाई

प्रकाशकाने. पुस्तक खपले नाही हे लक्षात घेता त्याला तो जाणवलाही असणार.

तिसरी_घंटा

रेघोट्या यांनी नाटकाच्या पडद्याची उपमा थोडी हिणवण्याच्या सुरात दिली आहे, तिच्याविषयी बोलायला हवे, कारण या चित्रांच्या बाबतीत ती केवळ उपमा नाही.

देलाक्रुआ १८२५ च्या मे महिन्यात लंडनला गेला आणि ऑगस्टपर्यंत तिथे राहिला. त्या मुक्कामात त्याने एडमंड कीन या नटाच्या शेक्सपिअरच्या नाटकांतल्या भूमिका पाहिल्या, आणि ड्रुरी लेनच्या नाट्यगृहात ‘फाउस्ट’वर बेतलेला एक संगीतमिश्रित खेळही पाहिला. गटेचे नाटक त्यात बरेच कापलेले आणि वाकवलेले होते, तरी तो भारावून गेला. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या खेळाइतके सैतानी काही कल्पनेतही येणार नाही, अशा अर्थाचे लिहिले आहे, मेफिस्टोफेलीसचे काम करणाऱ्या नटाची मनापासून स्तुती केली आहे, आणि चर्चच्या प्रवेशात दुरून येणारे पुरोहिताचे गायन व ऑर्गनचा स्वर यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. मालिकेतले मार्गारेटचे चर्चमधले चित्र हे ध्यानात ठेवून पाहावे. ती अपराधाच्या ओझ्याने वाकली आहे, तिच्या पाठीशी दुष्ट आत्मा कुजबुजतो आहे, आणि आजूबाजूच्या भाविकांना त्याचा पत्ताही नाही. ही मांडणी रंगमंचाची आहे. प्रेक्षकाला जे दिसते ते इतर पात्रांना दिसत नाही.

आणखी एक तपशील. ड्रुरी लेनमध्ये १८१७ पासून गॅसचे दिवे होते. गॅसची ज्योत कमीजास्त करता येत असल्यामुळे प्रवेशाच्या मध्येच अंधार करणे, खालून उजेड टाकून चेहरा भेसूर करणे, हे प्रकार सहज साधू लागले होते. देलाक्रुआच्या चित्रांतला उजेड जेव्हा खालून किंवा एका कडेने येतो, तेव्हा मला तरी तो मेणबत्तीचा वाटत नाही.

त्यामुळे हे मध्ययुग रंगभूमीवरून आले आहे हे मान्य, पण त्यात कमीपणा कसला? इतिहासाच्या पुस्तकातून आलेले मध्ययुग अधिक खरे असते, असे कुणी सिद्ध केले आहे?

संशयात्मा

इथे सगळेच एका सुरात बोलू लागले आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. देलाक्रुआ केवळ नाटके पाहून आणि दगड काळे करून थांबला, हे चित्र अपुरे आहे. त्याच लंडनच्या मुक्कामात, जुलै महिन्यात, तो आपला चित्रकार मित्र बॉनिंग्टन याच्याबरोबर सॅम्युअल मेरिक यांच्याकडे गेला होता. मेरिक हे जुन्या चिलखतांचे त्या काळातले सर्वांत मोठे अभ्यासक-संग्राहक. या दोघांनी तिथे बसून चिलखते, शिरस्त्राणे आणि शस्त्रे यांची काळजीपूर्वक रेखाटने केली. कोणता भाग कोणत्या भागाला कसा जोडला जातो हेसुद्धा त्यांत दिसते. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या थडग्यांवरच्या पुतळ्यांचीही रेखाटने त्यांनी केली. ज्याला केवळ वातावरण निर्माण करायचे आहे तो सांध्यांची टिपणे कशाला घेईल?

माझा मुद्दा इतकाच की देलाक्रुआला वस्तूंचे ज्ञान होते आणि ते कुठे वापरायचे व कुठे बाजूला ठेवायचे याचा त्याने जाणीवपूर्वक निर्णय घेतला. अज्ञानातून आलेला अंधार आणि निवडीतून आलेला अंधार यांत फरक करायला हवा.

मालविका_बर्लिन

संशयात्मा यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा देताना तुलनेसाठी दोन नावे सुचवते. देलाक्रुआच्या आधी जर्मनीत ‘फाउस्ट’वर दोन गाजलेल्या चित्रमालिका निघाल्या होत्या, दोन्ही १८१६ च्या. पेटर कॉर्नेलिउसची मालिका ड्यूरर या जुन्या जर्मन चित्रकाराच्या वळणाची आहे. त्यातली प्रत्येक घडी, प्रत्येक खिडकी, प्रत्येक टोपी जुन्या जर्मन चित्रांवरून बेतलेली वाटते आणि काळाच्या खरेपणाविषयी तक्रारीला फारशी जागा राहत नाही. दुसरी मोरित्स रेत्शची, नुसत्या बाह्यरेषांची, छायेचा जवळजवळ मागमूस नसलेली. रेत्शची चित्रे युरोपभर पोहोचली होती आणि देलाक्रुआनेही ती पाहिली होती. ‘फाउस्ट’ची चित्रे पाहिली की आपल्याला अगदी नव्या प्रकारची चित्रे काढावीशी वाटतात, असे त्याने फेब्रुवारी १८२४ च्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

कॉर्नेलिउसचे चित्र पाहताना मी तपशील वाचत बसते, आणि मार्गारेटची भीती मला नंतर आठवते. देलाक्रुआच्या चित्रात भीती आधी येते. काळाच्या अचूकतेचा निकष लावला तर कॉर्नेलिउस जिंकतो, आणि तरीही आज आपण इथे देलाक्रुआविषयी बोलत आहोत, हे मला नोंदवण्यासारखे वाटते.

कावळा_पिंपळावरचा

मला ही चित्रे कुरूप वाटतात, हे स्पष्टपणे लिहितो. माणसांचे हातपाय कुठेही वाकतात, माना आखडलेल्या, चेहरे वेडेवाकडे. फाउस्ट आणि मार्गारेटचा भाऊ व्हॅलेंटाइन यांच्या द्वंद्वात फाउस्ट नेमका कोणत्या पायावर उभा आहे हे मला बराच वेळ कळले नाही. मोठ्या चित्रकाराचे नाव आहे म्हणून सगळेच थोर मानायचे का?

रेघोट्या

तुम्ही एकटे नाही. पॅरिसमधल्या तेव्हाच्या टीकाकारांचे मत हेच होते. देलाक्रुआने उतारवयात, १८६२ साली, कलासमीक्षक फिलिप ब्यूर्ती याला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की चित्रांसोबत मजकूर छापण्याची कल्पना मोतची होती, तिने खपाला मारक परिणाम केला, चित्रांच्या विचित्रपणामुळे आपल्यावर व्यंगचित्रे निघाली आणि कुरूपतेच्या संप्रदायातला एक म्होरक्या म्हणून आपली ख्याती पक्की झाली. ही तक्रार त्याने कितपत दुःखाने केली आणि कितपत मिस्किलपणे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यात थोडा अभिमानही ऐकू येतो.

टपरीवरचा_चहा

म्हणजे कावळेबुवा, तुम्ही दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये असता तर तुम्हाला समीक्षकाची नोकरी हमखास मिळाली असती.

मुक्ताफळे

गटेने स्वतः ही चित्रे पाहिली होती का?

मालविका_बर्लिन

होय, आणि तो भाग फार वाचनीय आहे. पुस्तक निघण्याआधीच, १८२६ च्या नोव्हेंबरात, गटेकडे यांतली दोन चित्रे आली होती. एक आउअरबाखच्या तळघराचे आणि दुसरे मार्गारेटला सोडवण्यासाठी फाउस्ट आणि मेफिस्टोफेलीस रात्री घोडे फेकत निघाले आहेत त्याचे. गटेचा सहायक एकरमान याने त्या संध्याकाळचे संभाषण लिहून ठेवले आहे. वधस्तंभाच्या जागेजवळून जाणाऱ्या त्या दौडीत फाउस्टची घोड्यावर टिकून राहण्याची धडपड दिसते, तर मेफिस्टोफेलीस निवांत बसलेला आहे. त्याचा घोडा जिवंत नाहीच, कारण जिवंत गोष्टींवर त्याचे प्रेम नाही, असा तिथला अभिप्राय आहे. या प्रवेशांत आपण जे कल्पिले होते त्याच्याही पुढे देलाक्रुआ गेला आहे, असे गटे म्हणाला. त्या वेळी तो ७७ वर्षांचा होता आणि तरुण फ्रेंच कलावंतांच्या बेबंदपणाविषयी त्याला विशेष ममत्व नव्हते. पुढे १८२९ साली बर्लिओझ या तरुण फ्रेंच संगीतकाराने ‘फाउस्ट’मधल्या प्रवेशांना दिलेले संगीत त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने ते आपल्या संगीतज्ञ मित्राकडे, झेल्टरकडे, धाडले आणि झेल्टरने त्यावर अतिशय कडवट मत दिले. देलाक्रुआचे नशीब इतकेच की चित्र पाहायला गटेला मध्यस्थ लागत नव्हता.

लेखकाच्या कल्पनेपलीकडे चित्र गेले हे खुद्द लेखकानेच म्हटल्यावर, ते शहर मूळ प्रवेशात नव्हते हा रेघोट्या यांचा आक्षेप थोडा बोथट होतो, असे मला वाटते.

परदेशस्थ_काका

न्यू यॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ही चित्रे मोठ्या आकारात, विनामूल्य पाहता येतात, ज्यांना रस असेल त्यांनी जरूर पाहावीत. एक सूचना : शक्य झाल्यास प्रकाशनापूर्वीच्या प्रतींचे नमुने शोधावेत. त्या प्रतींत मुख्य चित्राच्या चौकटीबाहेर, दगडाच्या कडेला, देलाक्रुआने हात मोकळा करावा तशी बारीक रेखाटने केलेली आहेत, घोडे, सिंह, माणसांची डोकी, जे मनात येईल ते. पुस्तक छापताना ती पुसून टाकली गेली. सभ्य चौकटीतल्या सैतानापेक्षा ते कडेचे प्राणी मला कधीकधी जास्त आवडतात. संग्राहकही अशा प्रतींसाठी जास्त किंमत मोजतात, तेव्हा हा केवळ माझा चक्रमपणा नाही.

खडूशाई

काका, त्या कडेच्या रेखाटनांतून खडूच्या टोकाची आणि दगडाच्या पोताची चाचणीही होते. ती व्यवहाराची सोय होती की खेळ, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही असावे. मॅकबेथच्या चित्राच्याच वर्षी, म्हणजे १८२५ साली, बोर्दो इथे जवळपास ऐंशीचा झालेला स्पॅनिश चित्रकार गोया बैलझुंजींची चार शिळाचित्रे करत होता आणि तोही दगडावर खरवडून उजेड काढत होता, हेही इथे सांगून ठेवतो. देलाक्रुआ गोयाच्या जुन्या चित्रमालिकांचा भक्त होता, त्यांवरून त्याने नकला करून ठेवल्या होत्या.

पोथीवाला

या चर्चेला आपल्याकडचा एक धागा जोडता येईल. आपल्याकडे शिळाछाप म्हटले की पोथ्या आठवतात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापाचा उद्योग त्याच शतकाच्या पूर्वार्धात उभा केला. पुढे १८७८ साली पुण्यात चित्रशाळा हा छापखाना निघाला, १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि नंतर तो मळवलीला गेला. त्यांनी देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचवली. पेशवाईतला दरबार डोळ्यांपुढे आणताना आपल्यापैकी अनेकांना त्या छापील चित्रांतलाच दरबार दिसतो, आणि तो कितपत खरा आहे हे आपण क्वचितच विचारतो. भूतकाळाचे रूप छापखान्यात ठरते, हे पॅरिसपुरते मर्यादित नाही.

वकीली_चष्मा

फरक इतकाच की रविवर्म्याच्या चित्रांपुढे उदबत्ती लागली. मेफिस्टोफेलीसपुढे कुणी लावल्याची नोंद नाही.

संशयात्मा

पोथीवाला यांच्या मुद्द्याला फ्रान्समधली समांतर गोष्ट सांगतो आणि मूळ प्रश्नाकडे येतो. फ्रेंच राज्यक्रांतीत मोडतोड झालेल्या चर्चमधली शिल्पे आणि थडगी आलेक्सांद्र लन्वार याने पॅरिसमध्ये एका संग्रहालयात गोळा केली होती. ते १७९५ साली लोकांसाठी उघडले आणि १८१६ साली बंद झाले. एका पिढीने मध्ययुग प्रथम तिथे पाहिले, तेही मंद उजेडाच्या दालनांत मांडलेले. मग १८२० पासून टेलर आणि नोदिए यांनी फ्रान्सच्या जुन्या वास्तूंवर शिळाचित्रांचे अवाढव्य ग्रंथ काढायला सुरुवात केली. बॉनिंग्टनने रुआँच्या मोठ्या घड्याळाच्या रस्त्याचे १८२४ साली केलेले सुंदर शिळाचित्र याच मालिकेसाठी आहे. म्हणजे शिळामुद्रण आणि मध्ययुगाचे वेड ही दोन्ही पॅरिसमध्ये बरोबरीनेच वाढली. दगडाचा रवाळ करडा पोत झिजलेल्या भिंती दाखवायला इतका सोयीचा होता की कोणी कोणाला मोठे केले हे ठरवणे कठीण आहे.

दुर्गयात्री

माझा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. शहर कोणते?

पोथीवाला

दुर्गयात्री, जर्मनीतले असण्याची शक्यता कमी, कारण देलाक्रुआ तिकडे गेला तो थेट १८५० साली, एम्सच्या औषधी पाण्यासाठी आणि कोलोन पाहायला. त्यामुळे पॅरिसच असेल, असा माझा अंदाज होता, पण मनोऱ्यांचा हिशेब घालू लागलो तेव्हा तोही डळमळला. १८२८ च्या पॅरिसमध्ये नोत्र दामवर मधला टोकदार मनोरा नव्हताच; जुना मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला होता आणि नवा व्हिओले-ल-ड्यूक या वास्तुकाराने १८५९ साली उभारला. सेंट शापेल या पॅरिसमधल्याच चर्चचा मनोराही क्रांतीच्या काळात गेला होता. रुआँच्या कॅथेड्रलचा मनोरा १८२२ च्या सप्टेंबरात वीज पडून जळाला. आणि ज्या कोलोनच्या जुळ्या मनोऱ्यांशिवाय आज गॉथिक जर्मनीचे चित्र पुरे होत नाही, ते तेव्हा अस्तित्वातच नव्हते. अर्धवट मनोऱ्यावर मध्ययुगात चढवलेली यारी तशीच उभी होती, काम पुन्हा सुरू झाले १८४२ साली आणि संपले १८८० साली.

तिसरी_घंटा

पोथीवाला, हे फार मोलाचे आहे. म्हणजे देलाक्रुआच्या आजूबाजूला प्रत्यक्षात मनोरे पडत होते, जळत होते किंवा अपुरे होते, आणि कागदावर मात्र ते अखंड उभे राहत होते. ह्यूगोने नोत्र दामवरची कादंबरी १८३१ साली लिहिली आणि तिच्या गाजण्याने जीर्णोद्धाराला जोर आला, हे आपण जाणतो. आज पर्यटकांना दिसणारे बरेचसे गॉथिक युरोप हे या पिढीने आधी चित्रात आणि पुस्तकात उभे केलेल्या मध्ययुगाबरहुकूम दुरुस्त केलेले आहे. मग नक्कल कोणाची कोणी केली?

रेघोट्या

हा मुद्दा माझ्या मूळ विधानाला बळ देतो, हे संशयात्मांच्या लक्षात आणून देतो. हातात चिलखताची अचूक टिपणे असूनही चित्रकाराने मालिकेच्या पहिल्याच पानावर असे शहर काढले की ज्याला नकाशावर जागा नाही. संशयात्मा म्हणतात ती निवड मला मान्य आहे. ती निवड इतिहासाच्या विरुद्ध दिशेने केलेली आहे, एवढेच मी म्हणतो.

संशयात्मा

विरुद्ध नव्हे. शंभर-दोनशे मीटर उंचीवरून, संधिप्रकाशात, सैतानाला शहर जसे दिसेल तसे ते काढले आहे. उंचावरून पाहणाऱ्याला गल्लीतल्या माणसाची टोपी कोणत्या दशकातली आहे हे दिसत नाही. चौकट खाली उतरते, तळघरात किंवा तुरुंगात शिरते, तेव्हा टोप्या, झगे, साखळ्या आणि कड्या हे सारे येतेच. रेघोट्या, तुम्ही सतरापैकी एका चित्रावरून सोळांचा निकाल लावत आहात.

मालविका_बर्लिन

मी मात्र माझ्या पहिल्या आक्षेपावर अजून ठाम आहे की फाउस्ट मध्ययुगातला नाही. देलाक्रुआचे मध्ययुगाचे काम पाहायचे असेल तर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीवरची त्याची शिळाचित्रे किंवा मॅकबेथचे ते १८२५ चे चित्र घ्या, मॅकबेथ अकराव्या शतकातला स्कॉटलंडचा राजा, तिथे काळाविषयी शंकेला जागा नाही. आणि गंमत अशी की त्या चित्रात वास्तू जवळजवळ नाहीच. कमान नाही, मनोरा नाही, खिडकी नाही. कढई, धूर, तीन म्हाताऱ्या आणि एक उभा माणूस एवढ्यावर सगळे तोलले आहे. तरी ते ‘फाउस्ट’मधल्या कोणत्याही चित्रापेक्षा मला जुन्या काळातले वाटते, आणि त्याचे श्रेय मी खडूशाई यांच्या काळ्या दगडाला देईन.

कावळा_पिंपळावरचा

मॅकबेथचे चित्र आत्ता पाहिले. हे आवडले. द्वंद्वाविषयीचे मत कायम आहे.

खडूशाई

कावळेबुवा, मग पुढे १८४३ साली देलाक्रुआने स्वतःच्या खर्चाने काढलेली ‘हॅम्लेट’ची मालिका पाहा. त्यात काळे कमी आहे, खरवड कमी आहे, माणसे आपापल्या पायांवर व्यवस्थित उभी आहेत, आणि नेमके त्यामुळेच मला ती थोडी फिकी वाटते. तुमचे मत उलट असण्याची दाट शक्यता आहे. त्यासाठी वेगळा धागा काढावा, म्हणजे तिथे भांडता येईल.